कोठाराचें दार

साठवण ही शेतकऱ्याच्या घरांतील नित्याची गोष्ट आहे. बियाणें वेगळें बांधून ठेविल्यावांचून कोणी कुणबी उन्हाळा काढीत नाहीं. कणगी, बळद, पेंव हे शब्द आमच्या वाडवडिलांनीं उगीच केले नाहींत. आणि चाकणच्या बाजारास कांदा नेणाऱ्या मनुष्यास, तो चाळींत कसा राखावा, हें कोणी शिकवावें लागत नाहीं. परंतु ज्या चाकण, पिंपरी व चिंचवड या भागांत आमच्या खेड्यांतील कित्येक तरुण आज कारखान्यांच्या कामास जाऊन राहिले आहेत, तेथें साठवणीचा एक नवाच प्रकार त्यांच्यापुढें मांडला जातो. हा प्रकार धान्याचा नव्हे, पैशाचाही नव्हे. तो रक्ताचा आहे. आपल्या तान्ह्या मुलाचें रक्त पुढेंमागें औषधास लागेल म्हणून तें गोठवून ठेवावें कीं नाहीं, हा तो प्रश्न होय. प्रश्न वैद्यकाचा दिसतो खरा. परंतु त्याच्या पोटांत एक जुना धर्माचा प्रश्न आहे, म्हणून या पत्राच्या वाचकांनीं त्याचा शांतपणें विचार करावा असें वाटतें.

प्रथम ही गोष्ट काय आहे तें पाहूं. मूल जन्मल्यावर नाळ कापतात, आणि नाळ व वार पुरून टाकण्याची आमची जुनी रीत आहे. यावरूनच आपल्या जन्मगांवाविषयीं बोलतांना, आमची नाळ तेथें पुरली आहे, असें आपण म्हणतों. या टाकून दिल्या जाणाऱ्या नाळेंत व वारेंत थोडें रक्त मागें राहतें, आणि त्या रक्तांत कांहीं विशेष पेशी असतात. त्यांस मूळपेशी म्हणतात. दवाखान्यांत स्टेम सेल हें नांव ऐकूं येतें. आपल्या हाडांतील मगजांत अशाच पेशी असून, त्यांपासून अंगांतील सर्व रक्त जन्मभर नवें नवें तयार होत असतें. हा मगज रोगानें नासला म्हणजे रक्तही नासतें. अशा रोग्यास निरोगी मूळपेशी शिरेंतून दिल्या, तर त्या आपली वाट आपण शोधीत त्याच्या हाडांत जाऊन वस्ती करितात, आणि तेथें पुन्हां चांगलें रक्त उत्पन्न होऊं लागतें. देवानें निर्मिलेल्या या देहाची ही रचना पाहून कोणाचें मस्तक नम्र होणार नाहीं?

नाळेच्या रक्ताचा असा उपयोग प्रथम १९८८ सालीं पॅरिस शहरीं झाला. एका लहान मुलास फॅन्कोनी या नांवाचा जन्मजात रक्तरोग होता. डॉक्टर एलियान ग्लुकमान या बाईंनीं त्यास त्याच्या नुकत्याच जन्मलेल्या बहिणीच्या नाळेंतील रक्त दिलें, आणि तो मुलगा बरा झाला. पुढें १९९२ सालीं न्यूयॉर्क येथें अशा रक्ताची सार्वजनिक पेढी निघाली. तेथें माता आपल्या मुलांच्या नाळेचें रक्त दान करीत, आणि ज्या कोणा रोग्यास तें जुळेल त्यास तें दिलें जाई. द्रवरूप नायट्रोजनमध्यें, शून्याच्या खालीं १९६ अंशांच्या थंडींत, हें रक्त अनेक वर्षें टिकतें. वाचकांनीं एक गोष्ट मनांत धरून ठेवावी : पहिल्या त्या मुलास जें रक्त मिळालें, तें त्याचें स्वतःचें नव्हतें, तें बहिणीचें होतें.

परंतु लवकरच या शोधास दुसरी वाट फुटली. खाजगी कंपन्या निघाल्या. त्या म्हणाल्या, तुमच्या मुलाचें रक्त तुमच्याच मुलासाठीं आम्ही जपून ठेवितों. त्याचें भाडें द्या. या शतकाच्या आरंभापासून आपल्या देशांतही हा व्यापार वाढला. पोटुशी बाई तपासणीस जाते तेथें त्याचीं पत्रकें मिळतात, आणि तो एक प्रकारचा विमाच आहे असें सांगण्यांत येतें. त्यासाठीं कांहीं दहा हजार रुपयांपासून लाखाच्या घरांत जाणारी रक्कम लागते. ती हप्त्यांनींही घेतली जाते. मोठ्या पगाराच्या माणसास ही रक्कम जड नसेल. पण चाकणच्या एखाद्या कारखान्यांत कंत्राटावर काम करणाऱ्या, भाड्याच्या खोलींत राहून गांवीं आईबापांस पैसे धाडणाऱ्या तरुणास ती कित्येक महिन्यांची कमाई आहे. आणि त्याच्यापुढें प्रश्न कसा ठेविला जातो? तुझ्या लेकरावर तुझी माया आहे कीं नाहीं, असा. बाळंतपण जवळ आलेलें, मनांत भय, हातीं पैसा थोडा. अशा वेळीं या प्रश्नास नाहीं म्हणणें कठीण आहे. जो नाहीं म्हणतो, त्यास आपण बाप म्हणून उणे पडलों असें वाटूं लागतें. हें ओझें त्याच्या माथ्यावरून उतरविणें शक्य असेल तर तें उतरविलें पाहिजे.

अशा वेळीं आमच्यांतील कांहीं जण एक सोपें उत्तर देतात. उद्यांची चिंता करूं नये अशी प्रभूची आज्ञा आहे. मग उद्यांसाठीं रक्त साठविणें हा अविश्वास होय, असें ते म्हणतात. हें उत्तर पुरेसें नाहीं. नीतिसूत्रांच्या सहाव्या अध्यायांत मुंगीचा उन्हाळ्यांतील उद्योग आळशास दाखविला आहे. उत्पत्तीच्या एकेचाळिसाव्या अध्यायांत योसेफानें सात वर्षें धान्य सांठवून मिसर देश वांचविला, आणि त्याची ती दूरदृष्टि देवाची देणगी म्हणूनच सांगितली आहे. पौलानेंही तीमथ्यास लिहिलें आहे कीं, जो आपल्या घरच्यांची तरतूद करीत नाहीं त्यानें विश्वास नाकारल्यासारखें आहे. तेव्हां तरतूद करणें हें पाप नव्हे. दुसरीकडे, लूकाच्या बाराव्या अध्यायांत एक धनवान शेतकरी आहे. त्याचें पीक अमाप आलें. त्यानें जुनीं कोठारें मोडून मोठीं बांधण्याचा बेत केला. आणि त्याच रात्रीं त्याचा प्राण मागून घेण्यांत आला. देवानें त्यास मूर्ख म्हटलें.

आतां विचार करा. योसेफानें कोठारें बांधलीं, आणि या धनवानानेंही कोठारें बांधण्याचा बेत केला. धान्य दोघांचेंही चांगलें होतें. मग एक शहाणा व एक मूर्ख कां? योसेफाच्या पुढें एक ठरलेलें संकट होतें आणि त्या संकटावर त्याची साठवण हा खरा उपाय होता. शिवाय दुष्काळ पडल्यावर त्यानें कोठारांचीं दारें उघडलीं. मिसरी लोक आले, परदेशी आले, ज्या भावांनीं त्यास विकलें तेही आले, आणि सर्वांस धान्य मिळालें. धनवानाच्या बोलण्यांत मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत दुसरा मनुष्यच नाहीं. माझें पीक, माझें कोठार, माझा जीव, एवढेंच त्याचें शास्त्र. यावरून साठवणीची परीक्षा करण्यास आपणांस तीन प्रश्न मिळतात. जें संकट आपण भितों, त्यावर ही साठवण खरोखर उपाय आहे काय? ती करण्यासाठीं आपण कोणाच्या तोंडचा घांस काढितों? आणि त्या कोठाराचें दार कोणासाठीं उघडतें? या तीन प्रश्नांनीं आपण नाळेच्या रक्ताची साठवण तपासून पाहूं.

पहिला प्रश्न उपायाचा. ज्या रोगांचें नांव घेऊन आईबापांस भय घातलें जातें, त्यांत थॅलेसेमिया हा एक आहे. हा आनुवंशिक रोग आहे. तो पुष्कळ समाजांत आढळतो, आणि सिंधी समाजांत त्याचें प्रमाण विशेष आहे. फाळणीनंतर निर्वासित सिंधी कुटुंबें येऊन पिंपरी कॅम्पाची वस्ती झाली, त्यामुळें त्या भागांतील लोकांस हा रोग ऐकून ठाऊक आहे. ज्या मुलास हा रोग मोठ्या प्रमाणांत होतो, त्यास दर दोन ते चार आठवड्यांनीं दुसऱ्याचें रक्त भरावें लागतें. आतां अशा मुलाच्या नाळेचें रक्त जन्मतःच सांठवून ठेविलें असतें तर काय झालें असतें? रोग तर त्या रक्ताच्या बीजांतच आहे. किडलेलें बियाणें कितीही जपून ठेविलें आणि पुन्हां पेरलें, तरी किडकेंच पीक येणार. नंदुरबार व गडचिरोलीकडील आदिवासी बांधवांस जो सिकलसेल रोग पीडितो, त्याचीही गोष्ट हीच. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगांतही बहुधा स्वतःचें नाळेचें रक्त वापरीत नाहींत. कारण त्या रोगाचा अंकुर पुष्कळदां जन्माच्या वेळींच रक्तांत असतो, आणि दुसऱ्याच्या निरोगी पेशी उरलेल्या रोगाशीं जशा झुंजतात, तशा आपल्याच पेशी झुंजत नाहींत. शिवाय एका नाळेंतील पेशी इतक्या थोड्या असतात कीं, मोठ्या माणसास त्या बहुधा पुरत नाहींत.

मग स्वतःचें सांठविलेलें रक्त स्वतःस लागण्याचा संभव किती? अमेरिकेंतील या विषयाच्या तज्ज्ञ संस्थेनें २००८ सालीं हिशेब मांडला कीं, आयुष्याच्या पहिल्या वीस वर्षांत हा संभव फार तर अडीच हजारांत एक, आणि कमीत कमी दोन लाखांत एक, इतका आहे. आपल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनें २०१७ च्या मार्गदर्शक नियमांत स्पष्ट सांगितलें कीं, पुढें स्वतःस लागेल म्हणून खाजगी रीतीनें हें रक्त ठेवण्यास शास्त्राचा आधार नाहीं, आणि त्यांत नीतीचे प्रश्न उत्पन्न होतात. त्याच नियमांनीं दांताचा गर वगैरे शरीराचे इतर अंश असे सांठवून ठेवण्याच्या व्यापारास परवानगी दिली नाहीं.

येथें न्यायानें बोललें पाहिजे. ज्या घरांत आधींच एक मूल रक्ताच्या रोगानें आजारी आहे, आणि तो रोग दुसऱ्याच्या मूळपेशींनीं बरा होण्यासारखा आहे, त्या घरांत दुसरें मूल होतांना त्याच्या नाळेचें रक्त डॉक्टरांच्या सल्ल्यानें जपून ठेवणें योग्य आहे. सख्ख्या भावंडांचें रक्त पुरतें जुळण्याचा संभव चारांत एक असतो, आणि परिषदेचे नियमही ही गोष्ट मान्य करितात. तसेंच कांहीं प्रकारच्या कर्करोगांत रोग्याच्याच मूळपेशी काढून, थोडे दिवस गोठवून, भारी औषधें दिल्यावर त्यास परत देतात. मल्टिपल मायलोमा नांवाच्या रोगांत हा मान्य उपचार आहे. त्यांत संकट समोर उभें असतें व उपाय ठरलेला असतो. योसेफाच्या सात वर्षांप्रमाणेंच ती साठवण आहे. परंतु निरोगी आईबापांच्या निरोगी मुलाकरितां, कोणत्या रोगासाठीं हें न कळतां, वीसपंचवीस वर्षें भाडें भरीत राहणें ही वेगळी गोष्ट आहे.

कोणी म्हणेल, अडीच हजारांत एक असो कीं दोन लाखांत एक असो, तें एक मूल माझें निघालें तर? आणि विज्ञान तर रोज पुढें जात आहे. आज ज्याचा उपयोग नाहीं त्याचा उद्यां होणार नाहीं कशावरून? हा आईबापांचा प्रश्न आहे, आणि आईबापांच्या प्रश्नास हंसण्याचा अधिकार कोणास नाहीं. परंतु त्याचें उत्तर देतांना दुसरा प्रश्न विचारावा लागतो : हें कोणाच्या वांट्यांतून काढावयाचें? उद्यांचीं संकटें अगणित आहेत. त्या सर्वांवर एकेक कुलूप विकत घेईल इतका पैसा राजाजवळही नाहीं. ज्याचें उत्पन्न थोडें आहे त्यानें आपल्या कर्तव्यांचा क्रम लाविला पाहिजे. बाळंतिणीचा सकस आहार, मुलाच्या लसी, घरांतील शुद्ध पाणी, मोठ्या मुलीची शाळा, गांवच्या म्हाताऱ्यांचें औषध. हीं संकटें दोन लाखांत एक नव्हेत, तीं रोजचीं आहेत. तीमथ्यास लिहिलेल्या त्या वचनाचा रोंखही घरच्यांच्या नित्याच्या गरजांकडे आहे. जवळची खात्रीची गरज उपाशी ठेवून दूरच्या अंधुक भयास नैवेद्य दाखविणें, याला तरतूद म्हणतां येणार नाहीं.

याच बाबतींत आणखी एक गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. मूल जन्मतांच नाळेंतील रक्त वाया जात नाहीं. नाळ लगेच न बांधतां थोडें थांबलें, तर तें रक्त आपोआप बाळाच्या अंगांत जातें. पहिल्या एका मिनिटांतच सुमारें ८० मिलिलिटर रक्त त्यास मिळतें. त्यांतील लोह त्याला पुढें कित्येक महिने पुरतें. म्हणून आई व बाळ सुखरूप असतील तर नाळ एक मिनिट होण्यापूर्वीं बांधूं नये अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. आपल्या देशांत २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत, सहा महिने ते पांच वर्षें वयाच्या शंभर मुलांतील ६७ मुलांच्या अंगीं रक्त कमी आढळलें. जितकें अधिक थांबावें तितकें पेढीसाठीं कमी उरतें. आणि पेढीसाठीं भरपूर हवें तर थांबणें कमी करावें लागतें. म्हणजे ज्या मुलासाठीं ही सारी साठवण, त्याच्याच तोंडचा पहिला घांस काढला जाण्याचा धोका आहे. पहिल्या दिवसाचें देणें घेऊन तें विसाव्या वर्षाच्या नांवानें ठेवावें, हा व्यवहार कोणत्या शहाण्या बापास पटेल? नाळेचें रक्त ठेवण्याची सर्वांत चांगली जागा बहुधा देवानें नेमलेलीच आहे, आणि ती म्हणजे बाळाचें अंग.

आतां तिसरा प्रश्न, दाराचा. या साठवणीस विमा म्हणतात. पण विमा म्हणजे काय? पुष्कळ लोक थोडें थोडें एकत्र करितात, आणि ज्याच्यावर संकट येतें त्याचें ओझें सर्व मिळून उचलतात. याचा उत्तम दाखला कामगारांच्या रोजच्या अनुभवांतच आहे. १९४८ च्या कायद्यानें कामगारांसाठीं राज्य विमा योजना झाली. १ जुलै २०१९ पासून मजुरीच्या दर शंभर रुपयांमागें कामगाराचे ७५ पैसे व मालकाचे ३ रुपये २५ पैसे या योजनेंत जमा होऊं लागले. चिंचवडला मोहननगरांत या योजनेचें रुग्णालय आहे. तेथें खाटेवर निजणारा मनुष्य, मीं भरलेलेच पैसे मला द्या, असें म्हणत नाहीं. जे निरोगी राहिले त्यांच्या पैशांतून तो बरा होतो, आणि जे निरोगी राहिले ते देवाचे आभार मानितात. हा विमा होय. खाजगी पेढींतील रक्ताचा डबा असा नाहीं. त्यांत कोणाचें ओझें कोणी वाहत नाहीं. प्रत्येकाचा डबा वेगळा, प्रत्येकाचें कुलूप वेगळें. ज्याला लागत नाहीं त्याचें तें तसेंच पडून राहतें, आणि शेजारीं ज्या मुलास नेमकें तेंच हवें असतें, तें मूल मरतें.

या धंद्यानेंही ही गोष्ट एका अर्थीं ओळखली आहे. २०१७ सालीं चेन्नई येथील एका कंपनीनें अशी योजना काढली कीं, ज्यांनीं रक्त ठेविलें त्या सर्वांनीं तें एकमेकांसाठीं खुलें करावें. यांत दार अर्धें उघडलें हें चांगलेंच झालें; पण तें पैसे भरणाऱ्यांसाठींच उघडलें. तरी या योजनेंतून एक सत्य कबूल झालें : आपल्याला वांचविणारें रक्त बहुधा आपलें नसतें, तें दुसऱ्या कोणाचें असतें. १९८३ सालीं मुंबईच्या टाटा रुग्णालयांत मगजाच्या अशा उपचारास आरंभ झाला. १९८६ सालीं वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयांत, म्हणजे आयडा स्कडर बाईंनीं १९०० सालीं लहानशा दवाखान्यानें आरंभिलेल्या संस्थेंत, तो सुरू झाला. अशा ठिकाणीं थॅलेसेमियाचीं जीं मुलें या उपचारानें बरीं झालीं आहेत, तीं दुसऱ्याच्या पेशींनीं झालीं आहेत.

पिंपरीच्या भूमीस तर हा धडा नवा नाहीं. १९५४ सालीं तेथें हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला, आणि त्यानंतर पेनिसिलीन देशांत तयार होऊं लागलें. त्यास जागतिक आरोग्य संघटनेनें ज्ञानाचें व युनिसेफनें यंत्रांचें साहाय्य केलें. पुढें त्या कारखान्यास वाईट दिवस आले हें खरें. तथापि ज्या हेतूनें तो उभा राहिला तो हेतु विसरण्यासारखा नाहीं. कोणा एकाच्या मुलासाठीं एक बाटली कपाटांत जपून ठेवावी, असा तो हेतु नव्हता. खेड्यांतील न्युमोनिया झालेल्या मुलासही तेंच औषध मिळावें, असा तो होता. औषधाचें एवढें मोठें कोठार ज्या गांवीं सर्वांसाठीं उघडलें गेलें, त्याच गांवीं आज प्रत्येकानें आपापल्या रक्तास कुलूप लावावें, हें शोभत नाहीं.

शेवटीं मूळ प्रश्न उरतो : रक्त कोणाचें? लेवीयाच्या सतराव्या अध्यायांत सांगितलें आहे कीं, देहाचा जीव रक्तांत आहे, आणि म्हणून तें मनुष्यानें भक्षूं नये. तें देवाचें आहे. आपलें रक्त आपण कमाविलेलें नाहीं. तें आईच्या उदरांत आपणांस फुकट मिळालें. आपल्या देशाच्या न्यायालयानेंही एका अर्थीं हेंच मानिलें. १९९६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें रक्त विकण्याचा धंदा बंद करण्याची आज्ञा केली, आणि १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देणें बंद झालें. तेव्हांपासून या देशांत रक्त हें दानच आहे.

आणि दानाच्या या रक्तास मान्न्याचा स्वभाव आहे. रानांत इस्राएल लोकांनीं मान्ना दुसऱ्या दिवसासाठीं ठेविला, तर त्यांत किडे पडले. रक्तपेढींतील तांबड्या पेशी फार तर सहा आठवडे टिकतात, आणि रक्त थिजविणाऱ्या पेशी केवळ पांच दिवस. म्हणून पिंपरीचें यशवंतराव चव्हाण रुग्णालय असो कीं पुण्याचें ससून असो, तेथील पेढी कालच्या दानावर आज चालत नाहीं. रोज कोणीतरी पुन्हां दिलें पाहिजे. तरी निर्गमाच्या त्याच सोळाव्या अध्यायांत शब्बाथासाठीं ठेविलेला मान्ना नासला नाहीं, आणि पुढल्या पिढ्यांस दाखविण्यासाठीं एक पात्र भरून परमेश्वरापुढें ठेविलें गेलें. म्हणजे ठेवणें वाईट नव्हे. कोणाच्या आज्ञेनें व कोणासाठीं ठेवितों तें पाहावें. पौलानें करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायांत यरुशलेमच्या गरिबांसाठीं वर्गणी मागतांना याच मान्न्याची आठवण दिली आहे. एकाच्या विपुलतेनें दुसऱ्याची उणीव भरावी, आणि उद्यां त्याच्या विपुलतेनें आपली, अशी समता त्यानें सांगितली. वर्गणीच्या पेटीस जो नियम, तोच रक्ताच्या पेढीसही आहे.

तर मग मंडळ्यांतील बंधुभगिनींनीं काय करावें? ज्यांच्या घरीं बाळंतपण जवळ आहे त्यांनीं पत्रकावर सही करण्यापूर्वीं आपल्या डॉक्टरांस दोन प्रश्न विचारावे : आमच्या कुटुंबांत असा कोणता रोग आहे काय कीं ज्यासाठीं ही साठवण हवी? आणि आमच्या बाळाची नाळ थोडें थांबून बांधाल काय? लग्नापूर्वीं किंवा गरोदरपणाच्या आरंभीं थॅलेसेमिया व सिकलसेल यांची तपासणी करून घ्यावी. या रोगांच्या बाबतींत तीच खरी दूरदृष्टि होय. ज्यांनीं आधींच पैसे भरले आहेत त्यांस कोणी टोंचून बोलूं नये. त्यांनीं तें मायेनेंच केलें आहे.

आणि ज्यांच्या अंगांत बळ आहे त्यांनीं द्यावें. अठरा वर्षांवरील निरोगी मनुष्य, वजन ४५ किलोच्या खालीं नसेल आणि रक्तांतील लोह पुरेसें असेल तर, रक्त देऊं शकतो. पुरुषानें तीन महिन्यांनीं व स्त्रीनें चार महिन्यांनीं पुन्हां द्यावयास हरकत नाहीं. कापणीच्या सणास आपण पहिलें धान्य, भोपळे, कोंबड्या देवळांत आणितों. त्याच दिवशीं जवळच्या रक्तपेढीस बोलावून एक शिबिर भरविलें तर त्या अर्पणांत कांहीं उणें पडणार नाहीं. याहून मोठेंही एक दान आहे. चेन्नईची दात्री ही संस्था २००९ पासून मूळपेशी देण्यास तयार असणाऱ्यांची नोंद ठेविते. गालाच्या आंतून कापसानें थोडा अंश घेतात, एवढीच आरंभीं तसदी. पुढें कधीं कोणा रोग्याशीं जुळलें, तर पांच दिवस इंजेक्शनें घेऊन, बहुतेक वेळां हातांतून रक्त फिरवूनच पेशी काढून घेतात, आणि दात्याच्या अंगांत त्या पुन्हां भरून येतात. आपल्या देशांतील रोग्यांशीं आपल्याच लोकांचे नमुने अधिक जुळतात, आणि नोंद करणारे अजून थोडे आहेत. खेड्यांतील लोकांचीं नांवें तर त्यांत आणखी विरळ. म्हणून खेड्यांतील आजारी मुलास दाता मिळणें अधिक कठीण. ज्या तरुणानें आपल्या मुलासाठीं डबा विकत घेण्यास पैसे नाहींत म्हणून खंत केली, त्यानें आपलें नांव या यादींत घालावें. त्याचें स्वतःचें अंगच तें कोठार आहे. त्यास भाडें लागत नाहीं, द्रवरूप नायट्रोजन लागत नाहीं, आणि दार उघडणें त्याच्या हातीं आहे.

त्यानें असें केलें म्हणून त्याच्या मुलावर संकट येणार नाहीं, असें वचन कोणी देऊं शकत नाहीं. योसेफाच्या कोठारांनींही दुष्काळ टळला नाहीं; दुष्काळांत लोक जगले इतकेंच. परंतु तसा दिवस उगवलाच, तर तो बाप आपल्या एका गोठलेल्या डब्याकडे पाहत एकटा उभा राहणार नाहीं. ज्यांचीं नांवें त्यास ठाऊक नाहींत, ज्यांची जात त्यानें विचारली नाहीं, अशा पुष्कळांचीं दारें त्याच्यासाठीं उघडीं असतील; कारण त्यानें आपलें आधीं उघडें ठेविलें होतें. प्रभु येशूनें आपलें रक्त स्वतःसाठीं राखून ठेविलें नाहीं, ही वार्ता जी मंडळी दर प्रभुभोजनाच्या वेळीं सांगते, तिला यापेक्षां अधिक काय सांगावयाचें आहे?